पायऱ्या, दोर आणि डोंगराची वाट

गोंदियाहून पूर्वेकडे निघालेली गाडी आमगाव, सालेकसा मागे टाकून दरेकशाला पोचते, तेव्हा धानाच्या बांध्यांचा सपाट मुलूख संपलेला असतो. पुढे लोहमार्ग डोंगरात शिरतो, बोगद्यातून पलीकडे निघतो आणि बोरतलावला छत्तीसगडच्या हद्दीत उतरतो. १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे या नावाने हा मार्ग प्रथम मीटर गेजवर बांधला गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंद केला आणि पुढे तो हावड्याला जोडला गेला. आज मुंबई-हावडा गाड्यांमधून रोज हजारो माणसे या खिंडीतून जातात. खिंडीच्या दोन अंगांना असलेले दोन डोंगर मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलेले असतात.

अलीकडचा डोंगर गोंदिया जिल्ह्यातला, सालेकसा तालुक्यातला कचारगड. गोंड समाज या डोंगरातल्या गुहेला आपले उगमस्थान मानतो. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि ओडिशातून माणसे येतात आणि गुहेपर्यंतची शेवटची चढण पायीच चढतात. पलीकडचा डोंगर डोंगरगडचा. माथ्यावर बमलेश्वरीचे मंदिर, तिथवर हजाराहून अधिक पायऱ्या आणि पायऱ्यांच्या शेजारून वर जाणारा रोपवे. नवरात्रात गोंदिया, भंडारा, नागपूरकडचे मराठी भाविक मोठ्या संख्येने तिथे जातात. एकाच लोहमार्गावर, काही मैलांच्या अंतराने, डोंगर चढण्याच्या दोन तऱ्हा अशा शेजारी-शेजारी नांदताना दिसतात : पाय आणि दोर.

या दोन तऱ्हांचे एकमेकींशी नाते काय, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर सोपा वाटतो. पायऱ्या जुन्या, दोर नवा. पायऱ्या कष्टाच्या, दोर सोयीचा. म्हणून पायऱ्यांची जागा हळूहळू दोर घेणार, असे आपण गृहीत धरतो. इतिहास मात्र इतका सरळ चालत नाही. जगात असाही एक डोंगर आहे, जिथे आधी दोरावरची रेल्वे होती आणि आज त्याच जागी पायऱ्या आहेत. त्या उलट्या प्रवासापासून सुरुवात केली, तर आपल्याकडच्या डोंगरांवर काय चालले आहे ते जरा स्वच्छ दिसू लागते.

स्लीपरांच्या पायऱ्या

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक या उंच शिखराच्या पायथ्याशी मॅनिटू स्प्रिंग्ज नावाचे लहानसे गाव आहे. १९०७ साली या गावालगतच्या डोंगरावर एक दोर-रेल्वे बांधण्यात आली. हेतू प्रवासाचा नव्हता. डोंगरावरचे पाणी मोठ्या नळांतून खाली आणून वीज करायची होती आणि ते जड नळ उभ्या चढावर नेण्यासाठी वाहन हवे होते. काम झाल्यावर तेच रूळ पर्यटकांसाठी खुले झाले. एक मैलापेक्षाही कमी अंतरात ही गाडी सुमारे दोन हजार फूट चढत असे. सर्वांत उभ्या टप्प्यात शंभर फूट आडवे गेले की अडुसष्ट फूट चढ, इतका तो मार्ग तीव्र होता.

अशा रेल्वेचे तत्त्व विहिरीवरच्या रहाटाइतकेच सोपे आहे. एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांना दोन डबे. एक खाली येतो, तेव्हा त्याच्या वजनाने दुसरा वर ओढला जातो. यंत्राला फक्त दोहोंच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढेच पेलावे लागते. साध्या रेल्वेत चाक रुळावर पकड घेऊन गाडी पुढे ढकलते, म्हणून चढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चाक जागच्या जागी फिरू लागते. दोर-रेल्वेत ही अडचणच नाही, कारण ओढणारा दोर आहे. मात्र याची किंमत अशी की, दोर, कप्प्या, ब्रेक आणि रूळ यांची रोज तपासणी व्हायला हवी. रोज कोणीतरी जबाबदार माणूस वर बसलेला हवा, आणि त्याचा पगार देणारी संस्था हवी.

१९९० साली दरड कोसळून मॅनिटूच्या रुळांचा काही भाग खराब झाला. मालकांनी हिशेब केला आणि दुरुस्ती परवडणार नाही असे ठरवून रेल्वे बंद केली. रूळ उचलले गेले. रुळांखालचे लाकडी स्लीपर मात्र तसेच डोंगरात रुतून राहिले. समान अंतराने ठेवलेली, मातीत घट्ट बसलेली ती लाकडे आपोआपच पायऱ्या झाली होती. आसपासचे लोक त्यांवरून चढू लागले. जागा खासगी आणि सरकारी अशा वेगवेगळ्या मालकांमध्ये विभागलेली होती. 'प्रवेश निषिद्ध'च्या पाट्या होत्या. लोक थांबले नाहीत. वीसेक वर्षे हे बेकायदा चढणे चालू राहिले आणि अखेर मालकांनाच नमते घ्यावे लागले. १ फेब्रुवारी २०१३ रोजी ती वाट कायदेशीररीत्या सर्वांसाठी खुली झाली. नंतर तिची टप्प्याटप्प्याने डागडुजी झाली. आज तिथे २,७६८ पायऱ्या मोजल्या जातात आणि चढायला पैसे पडत नाहीत.

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, यंत्र थांबले तेव्हा वाट थांबली नाही. रेल्वेला मालक नसेल तर ती एक दिवसही चालत नाही. पायऱ्यांना मालकाची परवानगी नसतानाही वीस वर्षे वर्दळ राहिली. दोर आणि पायरी यांच्यातला खरा फरक श्रमाचा कमी आणि या मालकीचा अधिक आहे.

सह्याद्रीने न घेतलेला दोर

आपल्याकडे डोंगर आणि रेल्वे यांची पहिली मोठी गाठ पडली ती बोरघाटात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उभा चढ म्हटला की अनेक अभियंत्यांना दोर हेच उत्तर सुचत असे. खुद्द लंडनमध्ये, यूस्टन स्थानकाबाहेरच्या चढावर, १८३७पासून काही वर्षे गाड्या स्थिर इंजिनाने दोरावर ओढल्या जात होत्या. ब्राझीलमध्ये सान्तोस बंदरापासून पठारावर चढणारी ब्रिटिश भांडवलाची रेल्वे १८६७ साली सुरू झाली. तिने समुद्राकडचा सुमारे आठशे मीटरचा कडा चार उतारांमध्ये विभागून प्रत्येकावर दोराचे यंत्र बसवले होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने बोरघाटात दोराची वाट घेतली नाही. त्याने लोकोमोटिव्हवर भरवसा ठेवला आणि चढ दर सदतीस फुटांना एक फूट इतका ठेवला. तेवढ्यासाठी पंधरा मैलांहून लांब मार्ग, पंचवीस बोगदे आणि अनेक उंच पूल बांधावे लागले. तरीही एका ठिकाणी डोंगराने जागा दिली नाही. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट दिशेने पुढे नेण्यासाठी रिव्हर्सिंग स्टेशन करावे लागले. काम १८५६च्या जानेवारीत सुरू झाले आणि १८६३च्या एप्रिलमध्ये घाट खुला झाला. ऐन भरात तिथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. कॉलरा, ताप आणि सुरुंगांनी त्यांतले कितीतरी दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पोचल्यावर थोड्याच काळात वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट हाती धरून पुढचे काम तडीस नेले. बर्कले स्वतः घाट खुला होण्याआधीच, १८६२ साली, इंग्लंडमध्ये मरण पावला होता.

पुढे मार्ग बदलला, १९२०च्या दशकाच्या अखेरीस रिव्हर्सिंग स्टेशनची गरज संपली, आणि तो जुना तुकडा रानात सुटला. आज तिथे रूळ नाहीत. फिरस्ते चालत जातात. मॅनिटूसारखेच इथेही यंत्राने सोडलेल्या जागेवर पावले परतली.

बोरघाटाबद्दल लोकांनी मनात जपलेली गोष्ट मात्र बर्कलेची नाही, शिंग्रोबाची आहे. घाटातली वाट इंग्रजांना सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली आणि बक्षिसाऐवजी त्याच्या वाट्याला मरण आले, अशी ही लोककथा. घाटात त्याचे देऊळ आहे आणि येणारे-जाणारे वाहनचालक तिथे नाणे टाकून पुढे जातात. कथेतला ऐतिहासिक अंश किती, हा वेगळा प्रश्न. पण ती एक नेमकी गोष्ट सांगते : अभियंत्याच्या आराखड्याआधी डोंगरात गुराख्याच्या पायांची वाट होती, आणि तिचे श्रेय कागदावर कुठेच नोंदले गेले नाही.

उमाबाईंच्या पायऱ्या

पायऱ्यांचे श्रेय मात्र आपल्याकडे आवर्जून नोंदले गेले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यात सातमाळा रांगेवर सप्तशृंगी गड आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ म्हणून तो महाराष्ट्रभर परिचित आहे. पायथ्याशी नांदुरी गाव, वर पठारावर वस्ती, आणि पठारावरून पुन्हा उभा कडा, त्या कड्याच्या कुशीत अठरा हातांची देवी. म्हणजे चढण दोन टप्प्यांची. १८८३ सालच्या नाशिक जिल्हा गॅझेटियरने या दोन्ही टप्प्यांवरच्या पायऱ्यांची नोंद केली आहे. पठारापासून मंदिरापर्यंतच्या ४७२ पायऱ्या १७१० साली खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी बांधल्या. नांदुरीकडून पठारावर येणाऱ्या पायऱ्या १७६८-६९च्या सुमारास नाशिकच्या कोन्हेर, रुद्राजी आणि कृष्णाजी या तीन भावांनी गिरमाजी नावाच्या गृहस्थाच्या साहाय्याने बांधल्या. वाटेत संस्कृत आणि मराठीत तसे कोरूनही ठेवले.

या नोंदीतल्या सालाकडे जरा थांबून पाहायला हवे. १७१०मध्ये खंडेराव अजून सेनापती झालेले नव्हते. ते पद त्यांना १७१७मध्ये मिळाले. म्हणजे या पायऱ्या सेनापतीच्या पत्नीचे वैभवप्रदर्शन म्हणता येणार नाही. उमाबाईंचे माहेर अभोण्याच्या ठोके देशमुखांचे, आणि अभोणे याच कळवण तालुक्यात, गडाच्या परिसरात आहे. माहेरच्या डोंगरावरच्या देवीपर्यंत लोकांना नीट जाता यावे, म्हणून सासरी गेलेल्या एका स्त्रीने केलेले हे काम आहे, असे समजायला जागा आहे. याच उमाबाई पुढे १७३१मध्ये डभोईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव मारला गेल्यावर दाभाडे घराण्याचा कारभार हाती घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचे राजकारण इतिहासकारांनी लिहिले आहे. पायऱ्यांचा उल्लेख मात्र तिथे सहसा येत नाही. प्रत्यक्षात त्यांच्या राजकारणातले आज काहीही उरलेले नाही आणि त्यांनी घातलेल्या वाटेवरून तीनशे वर्षे माणसे चढत आहेत.

चैत्रात खानदेशातून, धुळे-जळगावकडून, हजारो माणसे पायी चालत गडावर येतात. कोजागरीला कावडीवाले ठिकठिकाणच्या नद्यांचे पाणी खांद्यावरून आणतात. गडाच्या शिखरावर तर वाटच नाही. तरीही चैत्रात आणि नवरात्रात दरेगावच्या गवळी-पाटील घराण्यातला माणूस तिथे चढून ध्वज लावतो. वाट नसलेले शिखर, उमाबाईंच्या पायऱ्या आणि खालची मोटारींची सडक अशी डोंगराची तीन प्रकारची ओळख एकाच गडावर टिकून होती.

जुन्या पायऱ्यांमागची कल्पना इथे उघड होते. पायरी ही दानाची वस्तू आहे. विहीर, धर्मशाळा, घाट, तसा डोंगरावरचा जिना. देणारा एकदाच देतो, नाव कोरतो आणि बाजूला होतो. नंतर तिथून कोण गेले, किती वेळा गेले, याचा हिशेब राहत नाही. जेजुरीच्या पायऱ्यांना लोक 'नवलाख पायरी' म्हणतात, त्यातही मोजणीपेक्षा अनेक हातांनी दिलेल्या दगडांची आठवण आहे.

पायरी सर्वांची होती का?

इथे एक गोड समज करून घेण्याचा मोह होतो : पायऱ्या सर्वांच्या आणि दोर पैसेवाल्यांचा. हा समज टिकत नाही. मराठीत 'पायरी' हा शब्दच दोन धारांचा आहे. 'पायरीने वागणे', 'आपली पायरी ओळखणे' हे वाक्प्रचार कुणी कुणासाठी वापरले, हे वेगळे सांगायला नको. पंढरपूरला नामदेवांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, कारण संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी अशी त्यांची इच्छा होती, असे परंपरा सांगते. त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. एकाने पायरी होणे निवडले, दुसऱ्याला तिच्यापुढे जाऊ दिले नव्हते.

पुण्याच्या पर्वतीवर चढायला रुंद, सोप्या पायऱ्या पेशवाईपासून आहेत. पण पायऱ्या चढून गेल्यावर मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद होते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी तिथे सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासह ना. ग. गोरे, एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ अशी मंडळी त्यात होती. जमावाने सत्याग्रहींना मारहाण केली आणि मंदिर काही उघडले नाही. पुढच्याच वर्षी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला. दगड सर्वांना सारखाच वागवतो. दगडाच्या वरच्या टोकाला बसलेली माणसे तसे वागत नाहीत.

दुसरा अडसर शरीराचा. ज्याच्या गुडघ्यात बळ नाही, जिला दम लागतो, जो कुबड्यांवर चालतो, त्याच्यासाठी पाचशे पायऱ्या म्हणजे बंद दारच. रायगडावर चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. तिथे वृद्धांना वर न्यायला डोलीवाले होते आणि अजूनही आहेत. म्हणजे एका माणसाचा गड दुसऱ्या माणसाच्या खांद्यावरून चढला जात होता. या मेहनतीचा अभिमान बाळगताना तिचा भार कोणाच्या खांद्यावर होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

आणि पायऱ्या निर्धोक असतात, असेही नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे तीनशे माणसे गेली. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकाने, पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या. शतकानुशतकांची वाट होती म्हणून ती वाढलेल्या गर्दीला पुरणार होती, असे नव्हे. दानाने बांधलेल्या पायऱ्यांचा हा कच्चा दुवा : देणारा निघून जातो आणि नंतर देखभालीला कोणीच बांधील राहत नाही.

दोर आला

या पार्श्वभूमीवर आपल्या डोंगरांवर दोर आला. तमिळनाडूतल्या पळणीच्या मुरुगन मंदिरात ६९३ पायऱ्यांच्या शेजारी रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी १९६०च्या दशकातच सुरू झाली होती. हिमाचलमध्ये जोगिंदरनगरच्या शानन वीजप्रकल्पासाठी त्याहीआधी, १९३०च्या सुमारास, डोंगरावर दोर-रेल्वे बांधली गेली. मॅनिटूप्रमाणेच वीज आणि नळ हेच तिचे कारण. म्हणून सप्तशृंगीची ट्रॉली सुरू झाली तेव्हा तिला देशातली पहिली म्हणण्याची जी हौस दिसली, ती इतिहासाला धरून नव्हती.

महाराष्ट्रात आधी आला तो हवेतला दोर. १९९६ साली रायगडाचा खासगी रोपवे सुरू झाला. ज्या कड्यावरून हिरकणी बाळाच्या ओढीने रात्री उतरली असे सांगतात, त्याच गडावर काही मिनिटांत पोचण्याची सोय झाली. सप्तशृंगीवर रुळांवरची दोर-रेल्वे, तिकडच्या भाषेत फ्युनिक्युलर ट्रॉली, अनेक वर्षे रखडत रखडत २०१८ साली सुरू झाली. साठेक माणसांचा डबा तीनेक मिनिटांत मंदिरापाशी पोचतो. योजना 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीची : खासगी कंपनी भांडवल घालणार, ठरावीक वर्षे तिकिटाचे पैसे घेणार, मग सगळे सरकारला देणार.

ज्या आजीने वीस वर्षे पायथ्यावरून हात जोडले, ती आता देवीसमोर उभी राहू शकते. याचे मोल कमी लेखणारा लेखक स्वतःच्या गुडघ्यांच्या जोरावर बोलत असतो. दोर-रेल्वेला विरोध करणे हा या लेखाचा उद्देश नाही.

पण या व्यवहारात डोंगराच्या वाटेचे स्वरूप बदलते, ते मात्र नीट पाहायला हवे. उमाबाईंच्या पायऱ्यांवर चढणाऱ्यांची मोजदाद नव्हती. ट्रॉलीवर प्रत्येक माणूस म्हणजे एक तिकीट आहे. ट्रॉलीचा करार संपण्याची तारीख असते, दोर बदलण्याचा खर्च असतो, तोट्याचा हिशेब असतो. मॅनिटूला दरड कोसळली तेव्हा हिशेब तोट्याचा निघाला आणि त्र्याऐंशी वर्षांची रेल्वे थांबली. आपल्याकडच्या कुठल्याही दोराला हा दिवस येऊ शकतो. त्या दिवशी वर जायला पायऱ्या शाबूत असतील का, हाच खरा प्रश्न आहे. गर्दी दोराकडे वळली की पायऱ्यांच्या कडेची दुकाने उठतात, दिवे दुरुस्त होत नाहीत, पाण्याच्या टाक्या कोरड्या पडतात. ज्यांना तिकीट परवडत नाही आणि ज्यांना नवस म्हणून पायीच चढायचे असते, तेच तिथे उरतात. त्यांच्या तक्रारीला वजन कमी.

दोर बंद पडण्यासाठी वर्षे जावी लागतात असेही नाही. १० एप्रिल २०२२ रोजी झारखंडमधल्या देवघरजवळ त्रिकूट पर्वतावरच्या रोपवेला अपघात झाला. माणसे चाळीसहून अधिक तास हवेत अडकून पडली. हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली आणि तिघांचा बळी गेला. डोंगरगडलाही ट्रॉलीचे अपघात झाले आहेत. पण तिथे दोर थांबला, तरी शेजारच्या हजार पायऱ्यांनी माणसे खाली उतरतात. दोन वाटा एकमेकींच्या स्पर्धक नसून एकमेकींचा आधार आहेत, हे अशा वेळी कळते.

कचारगडाचा निर्णय

२०२२-२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' या नावाने राष्ट्रीय रोपवे कार्यक्रम जाहीर झाला. महाराष्ट्रातही गड, देवस्थाने आणि पर्यटनस्थळे यांच्यासाठी रोपवेंच्या याद्या होऊ लागल्या. त्यामुळे हा प्रश्न आता एकट्या सप्तशृंगीचा किंवा रायगडाचा राहिलेला नाही. पुढच्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या बहुतेक गजबजलेल्या डोंगरांवर कोणत्या ना कोणत्या रूपात दोर येईल असे दिसते.

म्हणूनच खिंडीच्या अलीकडचा कचारगड मला महत्त्वाचा वाटतो. त्या गुहेविषयी गोंड समाजात एक कथा आहे. काली कंकालीची मुले गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला. हिरासुका पाटालीर या संगीतकाराने वाद्य वाजवले, आतल्या मुलांना बळ चढले, शिळा सरकली. आणि सरकलेल्या शिळेखाली हिरासुका स्वतः चिरडला गेला. सुटलेल्या मुलांचा सांभाळ जंगो रायताडने केला, आणि त्यांच्यापासून गोंडांची कुळे झाली. दरवर्षी माघात लोक डोंगर चढतात, ते या सुटकेची आठवण म्हणून. इथे चढणे हे दर्शनाचे साधन नाही, तो आठवणीचाच भाग आहे. ज्याने वाट मोकळी केली, तो वाटेतच राहिला, ही आठवण पायांनी चढताना वेगळ्या रीतीने पोचते. बोरघाटातल्या शिंग्रोबाची कथा आणि ही कथा यांत शेकडो मैलांचे अंतर आहे. दोन्हींत वाट देणाऱ्याचा जीव गेला आहे, हे साम्य नजरेतून सुटू नये.

उद्या कचारगडावर दोर आणायचा की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या समाजाचा आहे. वृद्ध, अपंग गोंड भाविकांनाही गुहेपर्यंत जायचे असेल आणि त्यांनी दोर मागितला, तर 'परंपरा बिघडेल' असे बाहेरच्यांनी म्हणण्यात अर्थ नाही. आणि समाजाला नको असेल, तर पर्यटनाच्या आकड्यांसाठी तो लादण्यातही अर्थ नाही. दोर आलाच, तर मात्र तीन गोष्टी करारात पहिल्या पानावर असायला हव्यात. पायवाटेची देखभाल दोराच्या उत्पन्नातून व्हावी. पायी जाणाऱ्याला केव्हाही, विनामूल्य आणि दोराच्या रांगेआधी वाट असावी. आणि करार संपल्यावर किंवा कंपनी निघून गेल्यावर डोंगरावर गंजके खांब न उरता माणसांना चालता येईल अशी जागा उरावी.

ही शेवटची अट कोणत्याही आराखड्यात सहसा दिसत नाही, कारण यंत्र बसवताना त्याच्या शेवटाचा विचार करणे अशुभ मानले जाते. मॅनिटूला ती गोष्ट अपघाताने साधली : रूळ गेले, स्लीपर राहिले, आणि त्यांच्या पायऱ्या झाल्या. आपल्याला ती ठरवून साधता येईल. नाशिकच्या तीन भावांनी आणि अभोण्याच्या लेकीने पायऱ्या घातल्या, तेव्हा पुढे कोण चढेल हे त्यांना माहीत नव्हते. चढणारा कुणीही असला तरी त्याला पाय ठेवायला जागा असावी, एवढीच काळजी त्यांनी घेतली होती. आजच्या करारांकडून याहून जास्त मागण्याची गरज नाही; पण याहून कमीवर भागवूही नये.